घंटी वाजल्यावरच उचलावे

श्रीमंत सोनकांबळे टेलिफोन खात्यात लाइनमन होता आणि त्याला एक खोड होती. तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा फोन तो नुसता दुरुस्त करून देत नसे, आधी त्याची शिकवणी घ्यायचा. समोर शिपाई आहे की साहेब, हे बघायचा नाही. चांगला अर्धा तास खायचा आणि मग कुठं पिशवीतली पक्कड बाहेर काढायचा.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, जिल्हा झाला, आणि शहराचा नूरच पालटला. कलेक्टर आले, त्यांच्या मागोमाग कचेऱ्या आल्या. बसायला खुर्च्या आल्या नव्हत्या, पण प्रत्येक साहेबाला टेबलावर फोन मात्र आजच्या आज पाहिजे होता. श्रीमंतानं त्या दोन वर्षांत किती खांब रोवले आणि किती तारा ओढल्या, त्याला गणती नाही. नव्या कचेऱ्यांतले निम्मे फोन आपल्या हातचे आहेत असं तो सांगायचा. निम्मे नसतील, पण बरेच असतील.

अशाच एका कचेरीत अण्णाराव नावाचे कारकून टँकरचं काम बघायचे. शहाऐंशीचा उन्हाळा तोंडावर आलेला, मांजरा नदीला धार नाही, गावोगावी टँकर. अण्णाराव दिवसभर फोनला चिकटलेले असायचे. श्रीमंत वायर बघायला गेला तेव्हा त्यांचा पारा चढलेला होता.

"सोनकांबळे, ह्या गावाला सकाळपासून फोन लावून राहिलो. तिकडं घंटी वाजून राहिली अन् एक जण उचलत न्हाई. पाणी पाहिजे म्हणून बोंबलतेत, फोन उचलायला हात दुखतेत."

"साहेब, घंटी कुठं वाजून राहिली म्हणलात?"

"तिकडं. गावात."

श्रीमंत खाली मांडी घालून बसला. शिकवणी सुरू झाली. "गावातली घंटी तुमच्या कानाला हितं कशी येईल, सांगा बरं. तुमी नंबर फिरवला की एक्स्चेंजची मशीन दोन कामं करते. एक, त्या गावाकडं करंट सोडते. त्या करंटानं तिथली घंटी वाजायची. दोन, तुमच्या कानात 'कुर्र कुर्र' सोडते. म्हंजे तुमाला कळावं, की आमी वाजवून राहिलो. ती कुर्र कुर्र मशीनीची हाय, गावची न्हाई. गावातला फोन उंदरांनी खाल्ला असंल तरी तुमच्या कानात ती वाजतच ऱ्हाईल."

"मंग मला कसं कळायचं, तिकडं वाजली का न्हाई?"

"न्हाई कळत," श्रीमंत म्हणाला. "उचलल्यावरच कळतंय."

अण्णारावांनी त्याच्याकडं बघितलं, चहा मागवला आणि गावाला शिव्या देणं बंद केलं. श्रीमंत खुशीत घरी गेला. शनिवार होता तो, दुसऱ्या दिवशी मायला फोन करायचा होता.

त्याची आई नागुबाई गावी एकटी राहायची. शिरूर अनंतपाळपासून दोन कोसांवर गाव, गावाच्या कडेला बौद्धवाडा, वाड्यात तिचं दोन खणांचं घर. श्रीमंत लहान असतानाच तिचा नवरा गेला होता. बहात्तरच्या दुष्काळात ह्या बाईनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि श्रीमंताची शाळा सुटू दिली नाही. तो खात्यात लागला त्या दिवशी तिनं वाड्यातल्या एकेका घरी जाऊन सांगितलं, की माझा लेक खांबावर चढतो अन् वरून मुंबईशी बोलतो. तो मुंबईशी बोलत नव्हता, खांबावर चढून तार आवळत होता. पण तिला कोण समजावणार, आणि समजावून काय मिळणार होतं.

त्र्याऐंशीला गावात सरकारी फोन आला. पोस्ट भीमाशंकर मास्तरांच्या ओसरीवर होतं, तिथंच फोन बसवायचा ठरला आणि बसवायला आला कोण, तर श्रीमंत. सगळं गाव ओसरीखाली जमलं. नागुबाई पुढं, पदर डोक्यावर घट्ट ओढून. मास्तर लिंगायत, माणूस सरळ. "नागुबाई, वर ये की, तुझ्याच लेकाचं काम हाय," ते म्हणाले. ती वर आली आणि पायरीच्या आतल्या अंगाला टेकली. पुढं ती तिची जागाच झाली.

ह्या फोनचं एक वेगळं होतं आणि ते इथंच सांगायला पाहिजे. एका लाइनीवर दोन गावं होती, हे आणि शेजारचं. एका गावचा फोन आला की दुसऱ्या गावची घंटी उगाच वाजू नये म्हणून खात्याची युक्ती अशी, की बोलणं दोन तारांवरून जायचं, पण घंटीचा करंट एका तारेनं यायचा आणि जमिनीत उतरायचा. त्यासाठी श्रीमंतानं ओसरीच्या कडेला, लिंबाखाली, खड्डा खणून लोखंडी पाइप गाडला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं. ती माती ओली राहिली तर घंटी वाजणार. सुकली तर करंट उतरायला जागा नाही, घंटी गप्प. बोलणं मात्र तरीही चालूच राहणार.

"माय," तो म्हणाला, "ह्या पायपात रोज तांब्याभर पाणी घालत जा."

"झाडाला घालतात तसं?"

"तसंच समज."

दुसरी गोष्ट त्यानं भिंतीवर लिहिली. लोक येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावायला लागले होते. लाइन एकच, त्यामुळं शेजारच्या गावचं बोलणं ऐकू यायचं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळं गावभर. तक्रारी लातूरपर्यंत गेल्या. मग श्रीमंतानं लाल रंगाचा डबा आणला आणि फोनच्या वर, चांगल्या वीतभर अक्षरांत लिहिलं, 'घंटी वाजल्यावरच उचलावे.' नागुबाईला अक्षर येत नव्हतं. तिला त्यानं बोट ठेवून वाचून दाखवलं आणि वर बजावलं, "माय, बाकीचे उचलतेत म्हणून तू उचलू नको. लाइनमनच्या मायनं नियम मोडला तर माझं नाक जातंय."

"म्या कशाला मोडू," नागुबाई म्हणाली.

तेव्हापासून रविवारी सकाळी दहाला श्रीमंतचा फोन यायचा. एक्स्चेंजवरचा ऑपरेटर वीरभद्र त्याचा जिवाभावाचा, तो लाइन लावून द्यायचा. नागुबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून साडेनवालाच पायरीच्या आत येऊन बसायची. घंटी वाजली की तीनदा वाजू द्यायची, मग उचलायची. पहिल्या घंटीला उचललं तर लेकाला वाटेल माय रिकामीच बसली होती. बोलायचं फार नसायचं. जेवलास का, पोरं कशी हायेत, सिंधुची कंबर दुखायची थांबली का. सिंधु म्हणजे श्रीमंतची बायको. पाच मिनिटांत संपायचं. पण ती पाच मिनिटं तिला आठवडाभर पुरायची.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत तो गावी गेला. विहिरी आटल्या होत्या, टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. श्रीमंत ओसरीकडं आला तर नागुबाई लिंबाखाली वाकलेली, तांब्यातलं पाणी बेतानं पायपात सोडून राहिली होती. ओठ तिचे फुटलेले. घरी येऊन त्यानं रांजण बघितला. तळाला वाटीभर पाणी.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. मायेनंच गेली, पण तिडीक ती तिडीकच.

"प्यायला पाणी न्हाई अन् तू लोखंडाला पाजून राहिलीस? आजपासून त्या पायपात एक थेंब टाकायचा न्हाई. टाकलास तर माझी आण हाय."

"मंग घंटी?"

"घंटी गेली खड्ड्यात. तू चल लातूरला. आत्ता चल."

"तुझी एक खोली. चौघं तुमी. म्या कुठं पाय पसरू?"

"पसरशील कुठं बी. चल."

"न्हाई रं बाबा. बहात्तरला जी घरं सोडून गेली, त्यांच्या भिंती बी ऱ्हाईल्या न्हाईत. तुझ्या बापानं बांधलेलं घर हाय. पाऊस पडू दे, मग येते चार दिस."

असं तासभर चाललं. ती हटेना, तो सोडेना. शेवटी त्यानं पिशवी उचलली आणि उंबऱ्यात उभं राहून म्हणाला, "ऱ्हा मग हितंच. मेल्यावर कळीव."

तो एसटीत बसला आणि निलंग्याच्या फाट्यापर्यंत येईतो त्याला आपण काय बोललो ते उमगलं. जीभ तोडून टाकावी असं त्याला वाटलं, हे त्यानंच पुढं सांगितलं. पण गाडीतून उतरून माघारी गेला नाही. रविवार आहेच की, फोनवर बोलू, असं त्यानं मनाशी धरलं.

रविवारी दहाला वीरभद्रनं लाइन लावली. श्रीमंतच्या कानात कुर्र कुर्र सुरू झालं. तो घसा साफ करून बसला होता, काय म्हणायचं ते ठरवून. माय, मी रागात बोललो, मनावर घेऊ नको, एवढंच. कुर्र कुर्र वाजत राहिलं. कुणी उचललं नाही.

"रुसली असंल," वीरभद्र म्हणाला.

"रुसू दे," श्रीमंत म्हणाला. "हक्क हाय तिचा."

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. अण्णारावांना घंटीचं शास्त्र शिकवणारा माणूस हा. त्याला एकदाही वाटू नये, की आपल्या कानात वाजतंय ते आपल्याच मशीनचं आहे? नाही वाटलं. आपण शिवीसारखं बोललो होतो, आणि माय उचलत नाही हे त्याला पटण्यासारखंच होतं. मनात चोर असला की माणूस खांबाची तपासणी करत नाही. त्याच्या डोळ्यासमोर ओसरी यायची, वाजणारी घंटी यायची, आणि तोंड फिरवून बसलेली माय यायची.

सिंधु दर रविवारी म्हणायची, "अवो, जाऊन या एकदा. फोनवर कुठं रुसवा निघतो का?"

पण दुष्काळामुळं सगळ्यांच्या रजा बंद होत्या, हे एक कारण झालं. मग त्याला केबल जोडायच्या ट्रेनिंगला नांदेडला पाठवलं, दीड महिना, हे दुसरं झालं. आणि तिसरं खरं कारण असं, की त्यालाही आता राग यायला लागला होता. एवढं काय बोललो मी? माणूस दर रविवारी फोन लावून राहिलाय, एकदा उचलून चार शिव्या तरी द्याव्यात. पत्र लिहावं तर ते मास्तरांनी ओसरीवर मोठ्यानं वाचायचं, चार जणांनी ऐकायचं. माफी मागायची तर मायजवळ मागू, गावाजवळ कशाला? नांदेडहूनही त्यानं रविवार चुकवला नाही. ट्रंक कॉल लावून द्यायला तिथल्या लोकांच्या विनवण्या केल्या. कानात कुर्र कुर्र, आणि तिकडं कुणी नाही.

असे अकरा रविवार गेले.

बाराव्या रविवारच्या आधी, मे महिन्यातल्या एका बुधवारी दुपारी, तो लातूरला एक्स्चेंजमध्ये असताना वीरभद्रनं त्याला हाक मारली. "तुझ्या गावचा फोन हाय." श्रीमंत धावत आला. शेवटी उचलला म्हणायचा फोन, असं तोंडात होतं त्याच्या. पलीकडं भीमाशंकर मास्तर होते.

"श्रीमंता, निघून ये बाबा. तुझी माय गेली. तीन दिस हगवण लागली होती. विहिरीच्या तळचं पाणी पिली बग. सकाळी गेली."

मेल्यावर कळीव, असं तो म्हणाला होता. तसं त्याला कळवण्यात आलं.

वाड्यातल्या लोकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. त्रिशरण-पंचशील झालं, माती झाली. श्रीमंत रडला नाही. त्याच्या मनात एकच गाठ बसली होती, की माय मरेपर्यंत आपल्याशी बोलली नाही. आणि गाव त्याच्याशी नीट बोलत नव्हतं. लोक राम राम घ्यायचे नाहीत, जय भीम म्हणणारेही खाली बघून म्हणायचे. सिंधुला एक म्हातारी तोंडावर बोलली, की सरकारी नोकरी लागली की लेक परके होतात.

तिसऱ्या दिवशी तो मास्तरांकडं गेला. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि मग न राहवून विचारलंच.

"श्रीमंता, रागावू नको. तीन महिने तू फोन कामून केला न्हाईस?"

"म्या?" श्रीमंत म्हणाला. "मास्तर, म्या दर रविवारी केला. मायनं उचलला न्हाई."

"काय बोलतोस? दर रविवारी ती हितं बसून ऱ्हायची. साडेनवापासून दुपारपातुर. धुतलेलं लुगडं नेसून. म्या सोता हितं होतो. एकदा बी वाजली न्हाई बाबा घंटी."

"फोन तर चालू हाय. तुमी मला फोन केलात."

"चालू हाय की. टँकरसाठी म्या रोज लावतो. म्हणून तर आमाला वाटलं, की तूच करत न्हाईस."

श्रीमंत उठला आणि लिंबाखाली गेला. पायपाभोवतीची माती भेगाळून पायपापासून सुटली होती. त्यात बोट जात होतं. कोळसा कोरडा ठणठणीत. तीन महिन्यांत त्यात एक थेंब पडला नव्हता. तिला आण घातली होती ना त्यानं.

तो तिथंच उकिडवा बसला. मास्तर त्याच्यामागं येऊन उभे राहिले.

"एका रविवारी," मास्तर म्हणाले, "तिनं हात फोनवर ठेवला होता. दहा वाजले होते. म्या म्हणलं, नागुबाई, उचलून बग की, कोण खातंय तुला. तर म्हणली, नगं मास्तर, सिरिमंतानं सांगितलंय, वाजल्याबिगर उचलायचं न्हाई. त्याचं नाक जातंय. अन् हात काढून घेतला."

श्रीमंतला ऐकायचं नव्हतं, पण त्याला खात्री करायची होती. लाइनमनचा जीव तो, बघितल्याशिवाय बसत नाही. त्यानं मास्तरांच्या फोनवरून वीरभद्रला लावलं आणि सांगितलं, "दहा मिनिटांनी ह्या नंबरावर घंटी सोड. म्या उचलीपर्यंत ठेवू नको." मग फोन ठेवला आणि पायरीच्या आत, नागुबाईच्या जागेवर बसला. भिंतीवरचं मास्तरांचं घड्याळ समोर होतं. फोन हाताच्या अंतरावर होता. वर त्याचीच लाल अक्षरं.

दहा मिनिटं झाली. ओसरीवर काही वाजलं नाही. लिंबावर साळुंक्या कलकलत होत्या. अकरा मिनिटं झाली, बारा झाली. घंटी गप्प होती. फोनकडं बघून कुणालाही वाटलं असतं, की ह्या जगात कुणाला आपली आठवण नाही.

तेराव्या मिनिटाला त्यानं हात लांब केला आणि रिसीव्हर उचलला.

"अरं कवापासून वाजवून राहिलो," वीरभद्र म्हणाला. आवाज अगदी जवळून, लख्ख येत होता. "उचलत कामून न्हाईस?"

तेव्हा मात्र श्रीमंत रडला. अकराही रविवारी तो लाइनीवर होता. अकराही रविवारी तिनं नुसता हात लांब करायचा होता. पाणी घालू नको हे त्यानं सांगितलं होतं, आणि घंटीशिवाय उचलू नको हेही त्यानंच. तिनं लेकाचं दोन्ही ऐकलं.

मास्तरांनी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि जागेवर ठेवला. संध्याकाळी श्रीमंतानं खुरपं घेऊन भिंतीवरची लाल अक्षरं खरवडली. चुना लावला तरी 'उचलावे' एवढं पुसट दिसायचं राहिलंच.

पुढं त्यानं तीसेक वर्षं नोकरी केली. लोह्याकडं, नायगावकडं, जिथं पाठवतील तिथं गेला. माणूस कामाचा म्हणून त्याचं नाव होतं, पण शिकवणी त्यानं परत कधी घेतली नाही. गावोगावी फोन बसवला की म्हाताऱ्या माणसांना एवढंच सांगायचा, "घंटी वाजो न वाजो, अधूनमधून उचलून कानाला लावत जा." वरचे साहेब त्याला ह्यावरून बोलले, लाइन अडकते म्हणाले. त्यानं ऐकून घेतलं आणि पुढच्या गावात तेच सांगितलं.

रिटायर झाल्यावर लातूरच्या घरात त्याचा स्वतःचा फोन होता, चांगला, नव्या केबलचा. पायपाची गरज नाही, पाण्याची गरज नाही. रविवारी सकाळी दहाला तो आंघोळ करून फोनपाशी बसायचा. घंटी वाजलेली नसायची. तरी उचलायचा, कानाला लावायचा, थोडा वेळ ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. सिंधु आतून बघायची आणि चहा टाकायला निघून जायची.